मानधन

कन्ना चौकाच्या पुढे, टाकीखालच्या गल्लीत
मी दर मंगळवारी जाते.
चप्पल काढते, सुपांच्या गोलात बसते.
आधी कोणी वर बघत नाही.
कात्र्या पत्र्याच्या साच्याभोवती फिरत राहतात,
ओल्या गोणपाटातून पानं निघतात,
आणि तंबाखूने मला सहा वर्षांनीही
शिंक येतेच.
"आली संस्थावाली," राजमणी वंगारी म्हणते.
म्हणजे बैठक सुरू झाली.

मला ह्याचे पैसे मिळतात.
हे मी हल्ली लवकर सांगून टाकते,
नंतर कळलं की माणसं दुखावतात.
आई शेजारी सांगते, समाजसेवा करते.
मामा विचारतो, ते ठीक, पण नोकरी कुठे?
पुण्याच्या ऑफिसात मी क्षेत्र समन्वयक.
महिनाअखेर तक्ता भरते:
बैठका अकरा, उपस्थिती दोनशे चाळीस,
जाणिवेत झालेला बदल, एक ते पाच.
तिथे मी तीन लिहिते.
चारला पुरावा मागतात.

एप्रिलात आम्ही फंडाच्या ऑफिसावर गेलो.
मोर्चाच म्हणायचा:
साठ बायका, दोन छत्र्या, एक फलक,
ज्यावर पेंटर 'निर्वाह'चा रफार विसरला होता
आणि जो मी रिक्षात बसून खडूने दिला.
डांबर चपलेला धरत होतं.
मी मराठीत ओरडायचे,
उत्तर तेलुगूत यायचं,
फाटकावरचा शिपाई दोन्हीला मान हलवायचा.

आत अंबूबाई गज्जमने मशीनवर अंगठा ठेवला.
लाल.
पदराला पुसून ठेवला. लाल.
साहेबाने स्वतःच्या बाटलीतलं पाणी दिलं, धुवून ठेवला.
लाल.
"मी काय करू ओ मावशी, मशीन घेईना."
वाईट माणूस नव्हता तो.
एक्केचाळीस वर्षं पान वळता वळता
रेषा विडीत गेल्या तिच्या,
दोऱ्याने बांधल्या गेल्या, पंचवीसच्या कट्ट्यात विकल्या गेल्या,
कुठल्या कुठल्या गावी कोण कोण
कट्ट्यावर बसून
तिचा अंगठा ओढून संपवला.
डोळ्यांचं मशीन जूनमध्ये येईल, म्हणाले.
अंबूबाईचा एक डोळा मोतीबिंदूचा आहे
हे मी तेव्हा बोलले नाही.

परतताना लिंबाखाली टेकलो.
कडक भाकरी, शेंगाचटणी, एकच तांब्या.
राजमणीने विचारलं,
"तुझा कापतात का गं फंड?"

मी म्हटलं, मला मानधन असतं.
"म्हंजे?"
म्हणजे पगार नसतो. म्हणजे फंड नसतो.
अकरा महिन्यांचा कागद असतो,
मग एक महिना काहीच नसतं, मग पुन्हा कागद.
राजमणीने तो शब्द सुपारीसारखा गालात फिरवला,
मान. धन.
मग मागे वळून तेलुगूत सांगितला,
आणि ज्यांना फलक धरताना हसू आलं नव्हतं
त्या सगळ्या हसल्या.

अंबूबाई तेवढी हसली नाही.
"मग तूबी छाटच की."

छाट म्हणजे चेकर ज्या विड्या बाजूला सारतो त्या.
मजुरीत धरत नाही.
परतही देत नाही.

त्या महिन्यात तक्त्यात मी चार लिहिलं.
पुण्याहून फोन आला, पुरावा?
आहे, म्हटलं. पाठवता येणार नाही.
कोणाच्या जाणिवेत, हे विचारायला
तक्त्यात रकाना नाही.

ह्या मंगळवारी शिंकले, बसले.
जूनची तारीख सांगायला वही उघडली
तर राजमणी कात्री न थांबवता म्हणाली,
"ते होईल. आधी सांग,
पुण्याला सकाळची गाडी कितीला असते?"
मला वाटलं, सहज विचारते.
पण अंबूबाईने सूप बाजूला ठेवलं होतं
आणि कोपऱ्यातला फलक कोणीतरी पुसून घेतला होता,
खडूचा रफार तेवढा जपून.

साडेसहाला, मी म्हटलं.